एका गुणाची दुआ

रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री मी मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला. हसू नका. कपाटात ठेवला असता तर पुन्हा उघडून बघितला असता. तांदळाच्या डब्यावर गव्हाचा डबा, त्यावर इफ्तारीची रिकामी परात, एवढं सगळं उतरवायचं म्हणजे आवाज झाला असता आणि अम्मी उठली असती. २०२४ सालची, ६ एप्रिलची रात्र. अब्बा मशिदीत गेले होते, रात्रभर तिथेच थांबणार होते. मी घरी जानमाज अंथरून बसले होते आणि तिकडे दूर शिलाँगमध्ये मोहमेडन स्पोर्टिंगचा जो सामना त्या दिवशी होता त्याचा निकाल तांदळात पुरलेला होता.

सामना बघायचा नाही, स्कोअरही बघायचा नाही, असं आम्ही बापलेकीने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. त्याला कारण २०२२ सालचं आहे, ते पुढे सांगते.

आधी ओळख करून देते, कारण माझ्या शाळेतल्या अर्ध्या लोकांना अजून वाटतं की मोहमेडन स्पोर्टिंग ही एखादी व्यायामशाळा असावी. हा कोलकात्याचा फुटबॉल क्लब, १८९१ चा. काळापांढरा पोशाख. मोहन बागान, ईस्ट बंगाल यांच्याबरोबर ज्याचं नाव एकेकाळी एका दमात घेतलं जायचं, तो तिसरा. कलकत्ता लीगच्या वरच्या डिव्हिजनमध्ये हा संघ १९३४ साली पहिल्यांदा आला आणि आल्या वर्षीच लीग जिंकला. तोवर ती लीग एकाही हिंदी संघाला जिंकता आली नव्हती, गोऱ्यांच्या पलटणी आणि गोऱ्यांचे क्लबच ती नेत. मोहमेडननं एकदा नाही, ओळीने पाच वर्षं जिंकली, १९३८ पर्यंत. १९४० साली दिल्लीत ब्रिटिश पलटणीला हरवून ड्युरँड चषक घेतला, तो घेणारा पहिला हिंदी संघ हाच. त्याच वर्षी आपल्या मुंबईत येऊन रोव्हर्स चषकही नेला. याच क्लबचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिककडून पायाला पट्ट्या गुंडाळून, बुटांशिवाय खेळला. तिथले लोक बघतच राहिले म्हणे.

आणि मग हळूहळू घसरण. देश फुटला, खेळाडू विखुरले. मध्ये मध्ये चांगली वर्षं आली, पण एकंदर वाट उताराचीच. २०१४ साली तर पैशाअभावी मोठा संघच बंद करण्याची घोषणा झाली होती. त्या दिवशी अब्बा जेवले नव्हते.

अब्बांचा आणि या क्लबचा संबंध मुंबईचा. आम्ही मिरजेचे. अब्बा ऐंशीच्या दशकात मुंबईत एका छापखान्यात कंपोझिटर होते, मदनपुऱ्यात आठजणांच्या खोलीत राहायचे आणि ईदेला महालक्ष्मी एक्स्प्रेसने घरी यायचे. रोव्हर्स चषकाच्या दिवसांत छापखाना सुटला की ही मंडळी कूपरेजच्या मैदानावर. १९८४ मध्ये मोहमेडननं रोव्हर्स जिंकला तेव्हा अब्बा तिथे होते, १९८७ मध्ये जिंकला तेव्हाही होते. दोन्ही वेळच्या ‘इन्किलाब’ची कात्रणं त्यांनी घरी आणली. मी तेव्हा सात वर्षांची, मराठी शाळेत दुसरीत. उर्दू मला कुणी शिकवलं नाही. ती मी त्या कात्रणांवरून, अब्बांच्या मांडीवर बसून, अक्षराला अक्षर लावत शिकले. मी लावून वाचलेला पहिला उर्दू शब्द ‘गोल’ होता, हे मी मुलाखतीत कधी सांगितलं नाही. आज उर्दू शाळेत पोरांना मराठी शिकवते, आणि ‘ळ’ उच्चारताना त्यांची जीभ अडखळते तेव्हा मला माझी ‘क़ाफ़’शी झालेली झटापट आठवते.

सामने मात्र मी कधी बघितले नाहीत. मुलगी ना. कोल्हापूर तासाभरावर, तिथे पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात, भाऊ मोटारसायकलवरून तिकडे जायचे, रात्री घसा बसवून यायचे. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, किती झाले? उत्तर मिळालं तर मिळालं. अब्बाही न्यायचे नाहीत. ‘गर्दी असते बेटा’, एवढंच. त्यामुळे माझं सगळं फुटबॉल कागदावरचं. क्रमवारीचे तक्ते, गुण, गोलफरक. लोक पंचांग बघतात तसे मी तक्ते बघायची.

हा बढती प्रकारही मला त्या तक्त्यांतूनच कळला. आपल्याकडे बढती म्हटलं की सेवाज्येष्ठता आठवते. शाळेतही आठवीपर्यंत जवळजवळ सगळेच वरच्या वर्गात जातात, कुणी ढकलत नेलं तरी. फुटबॉलमध्ये तसं नाही. देशातली सगळ्यात वरची स्पर्धा इंडियन सुपर लीग. तिच्यात शिरायचं तर पूर्वी फार पैसे मोजावे लागत, खालून खेळून वर जायचा रस्ताच नव्हता. तो २०२२-२३ च्या हंगामापासून उघडला. खालच्या आय-लीगमध्ये जो पहिला येईल तो वर. फक्त पहिला. दुसऱ्याला टाळ्या.

मोहमेडन त्याच्याही खालून आली होती. २०२० च्या ऑक्टोबरात, कोरोनाच्या दिवसांत, रिकाम्या मैदानावर पात्रता सामने खेळून ती आय-लीगमध्ये पोचली. पुढच्याच वर्षी तब्बल चाळीस वर्षांनी कलकत्ता लीग जिंकली. आंद्रे चेर्निशोव नावाचे रशियन प्रशिक्षक आले होते. अब्बांना ते नाव घेता यायचं नाही, ते त्यांना ‘रूसी मास्तर’ म्हणत.

आता २०२२. १४ मे. आय-लीगचा शेवटचा सामना, सॉल्ट लेक स्टेडियम, समोर केरळचा गोकुलम. त्यांना बरोबरी पुरत होती, आम्हाला जिंकायलाच हवं होतं. (बघा, ‘आम्हाला’ लिहिलं गेलं.) त्या वर्षी बढतीचा रस्ता अजून उघडला नव्हता, पण जेतेपद तर होतं. अब्बांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरलेला, पण तेव्हा टीव्ही जवळ ओढला की दिसायचं. उत्तरार्धात गोकुलमनं गोल केला, अझरुद्दीन मल्लिकनं तो फेडला, आणि चारच मिनिटांत गोकुलमचा दुसरा. १-२. सामना संपला तरी अब्बा टीव्हीसमोरून उठले नाहीत. मग म्हणाले, ‘हम देखे ना, इसलिए.’ आपण बघितलं म्हणून. शिकलेल्या बाईनं अशा गोष्टींवर विश्वास ठेवू नये. मी ठेवला. पुढचे दोन हंगाम आम्ही एकही निर्णायक सामना डोळ्यांनी बघितला नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका प्रश्नाबद्दल.

एका प्रशिक्षणात, जेवणाच्या सुट्टीत, मी मोबाईलवर तक्ता बघत होते. शेजारच्या तालुक्यातले एक शिक्षक डोकावले. चांगले गृहस्थ, त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी दोनदा मागून घेतली होती. म्हणाले, ‘मॅडम, मोहमेडन म्हणजे… तुमचाच ना? म्हणून का?’ प्रश्नात कडवटपणा नव्हता. तरी मी गडबडीनं म्हणाले, ‘नाही नाही सर, तसं काही नाही. त्यांचा इतिहास मोठा आहे. ब्रिटिशांना हरवलं होतं त्यांनी.’ आणि मग जे काही १९३४, १९४० माझ्याकडे होतं ते सगळं त्यांच्यापुढे ओतलं. जणू कागदपत्रं दाखवत होते. ते ‘अरे वा’ म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आमच्या स्टाफरूममध्ये उलटा प्रकार. तिथे एक ज्येष्ठ बाजी म्हणाल्या, ‘नाव एवढं मोठं लावलंय आणि खेळ दुसऱ्या डिव्हिजनचा. नको ग बाई असा शौक.’ म्हणजे इकडे नावामुळे संशय, तिकडे नावामुळे शरम.

त्या रात्री भांडी घासताना मला माझाच राग आला. खोटं का बोलले मी? नावामुळेच तर होतं. सात वर्षांच्या पोरीला रोव्हर्स चषक कशाशी खातात हे माहीत नव्हतं. मराठी शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव वाचताना बाई थांबायच्या, चुकायच्या, पोरं हसायची. आणि घरी एका कात्रणात तसल्याच नावांची माणसं चषक उचलून उभी होती. मला ती आवडली. एवढं साधं. कोल्हापुरातल्या पोराला कुणी विचारत नाही, तू अमक्या तालमीचाच का? गल्ली त्याची आहे म्हणून. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उठून आलेल्या माणसांनी ईस्ट बंगालला जीव लावला, त्याला कुणी खुलासा मागत नाही, उलट त्यावर गहिवरून लिहितात. आपलं म्हणून आवडलं, हे कारण सगळ्यांना चालतं. मग माझ्याच वेळी मी ब्रिटिशांना का मध्ये आणलं?

पण हा राग पुरता जिरायच्या आतच दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती मजेशीर होती. मी जो तक्ता रोज बघत होते, त्यातल्या संघाला वर नेणारे पाय कुणाचे होते? गोल करत होता मिझोरमचा डेव्हिड. त्याच्या बाजूला मिझोरमचाच लालरेमसांगा. मधल्या फळीत अर्जेंटिनाचा अॅलेक्सिस गोमेझ आणि उझबेकिस्तानचा कासिमोव. पुढे होंडुरासचा एडी हर्नांडेझ, रशियाचा कोझलोव. गोलपोस्टमध्ये पदम छेत्री. बंगालचा समद अली मल्लिक होता, नाही असं नाही. पण माझं हजेरीपटावरचं नाव जे कुणी खांद्यावर घेऊन धावत होते, त्यांतल्या बहुतेकांना ते नाव वाचताना माझ्या बाईंइतकंच अडखळायला झालं असतं. अब्बांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘तो? मिझो पोरगं रविवारी चर्चमध्ये जातं आणि बाकी दिवस आपल्यासाठी धावतं. अजून काय पाहिजे तुला?’

तर ती रात्र. बावीस सामने झाले होते. चौदा जिंकलेले, सात बरोबरी, एकच हार, एकूण ४९ गुण. शिलाँग लाजोंगविरुद्ध एक गुण मिळाला की आय-लीग जिंकली आणि वर गेलो. जिंकायचीही गरज नव्हती, बरोबरी पुरत होती. म्हणूनच भीती जास्त. ज्याला बरोबरी पुरते त्याचं काय होतं ते २०२२ मध्ये बघितलं होतं खरं, त्याचं चांगलंच झालं होतं. पण भीतीला हिशेब कळत नाही.

सत्ताविसाव्या रात्रीचं महत्त्व आपल्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की हजार महिन्यांहून मोठी मानलेली शब-ए-कद्र बहुधा याच रात्री असते असं धरून लोक रात्रभर जागतात. मागायची रात्र. माझी यादी तयार होती. अम्मीचे गुडघे. भाच्याची नोकरी. अब्बांचे डोळे. दहावीला बसलेली माझी पंचेचाळीस पोरं, त्यांच्या मराठीच्या पेपरातले निबंध. गेलेल्यांची मगफिरत. फिलिस्तीनची लेकरं, ज्यांच्याबद्दल मागताना त्या वर्षी शब्दच सुचत नव्हते. आणि एवढं सगळं झाल्यावर, अगदी तळाशी, हात खाली घेता घेता, तो एक गुण.

लाज वाटली. गाझात पोरं मरताहेत आणि ही बाई बरोबरी मागते. मी हात खाली घेतले, पुन्हा दोन रकात पढले, पुन्हा यादी सुरू केली, आणि पुन्हा शेवटी जीभ तिथेच गेली. मग मी विचार केला की ज्याच्यापुढे बसले आहे त्याला माझ्या मनातलं माहीत आहेच, लपवून काय उपयोग? ट्रेनिंगमधल्या सरांशी खोटं बोलले ते पुरे. मागून टाकला. जास्त नको, बरोबरीच दे, असंही म्हटलं. मला वाटतं मला तेव्हा थोडं हसूही आलं होतं.

सहरीच्या आधी, तीनच्या सुमाराला, परात उतरवली, गव्हाचा डबा उतरवला. अम्मी उठलीच. ‘क्या गे, तांदूळ कशाला आत्ता?’ मोबाईलला तांदळाचं पीठ लागलं होतं. पुसला. २-१. पहिल्याच मिनिटाला गोमेझचा गोल, मग लाजोंगची पेनल्टी आणि उत्तरार्धात कोझलोव. जिंकलो होतो. बरोबरी मागितली होती आणि तीन गुण मिळाले होते.

अब्बा सहरीला आले तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांना एव्हाना चेहरे दिसत नव्हते, फक्त आकृत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘बोल.’ मी म्हणाले, ‘दोन-एक.’ ‘कुणाचे दोन?’ ‘आपले.’ ते चप्पल काढून आत आले, पाटावर बसले, खजुराची बी काढत राहिले. मग विचारलं, ‘पहला कौन मारा?’ मी सांगितलं. ‘कितव्या मिनिटाला?’ सांगितलं. ‘शिलाँगला पाऊस होता का?’ ते काही मला माहीत नव्हतं. ‘बघ जरा’, म्हणाले, आणि चहात पाव बुडवला.

चार दिवसांनी ईद झाली. ईदेनंतर कोलकात्यात चषक दिला गेला, तोही शेवटचा सामना हरून. आमचं तसंच असतं.

वरच्या लीगमध्ये काय झालं ते ज्यांना माहीत आहे ते आत्ताच मान हलवत असतील. २०२४-२५ चा पहिला हंगाम. चोवीस सामने, दोन विजय. चेन्नईत जाऊन एक आणि बेंगळुरूत जाऊन एक. तेरा संघांत तेरावा नंबर, तेरा गुण. मध्येच खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या, जानेवारीत रूसी मास्तर सोडून गेले. स्टाफरूममधल्या बाजी काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघून पान खाल्लं.

पण वर गेल्यामुळे एक झालं. वरच्या लीगमध्ये मुंबईचा संघ आहे, म्हणजे मोहमेडनला मुंबईत यावंच लागणार. मी भावाला न विचारता तिकिटं काढली. अब्बांना सांगितलं, ‘अंधेरीला चलायचं आहे.’ ते म्हणाले, ‘गर्दी असते बेटा.’ मी म्हणाले, ‘असू दे.’

महालक्ष्मीनेच गेलो. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात चोहीकडे मुंबईचा आकाशी निळा रंग, आणि एका कोपऱ्यात साठ-सत्तर काळेपांढरे. बहुतेक बंगालची पोरं, जरीकाम करणारी, कुर्ल्या-धारावीकडून आलेली. आमच्याकडे बघून त्यांनी सरकून जागा केली. एकानं अब्बांच्या गळ्यात स्वतःचा मफलर घातला. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा स्टेडियममध्ये बसले होते आणि बघायला वेळच नव्हता, कारण अब्बांना काही दिसत नव्हतं. ‘बोल गे, बाल किधर है?’ मी बोलायला लागले. डाव्या बाजूला आपल्याकडे आहे अब्बा, आता कासिमोवकडे, त्यानं मागे दिला, मागे का दिला कोण जाणे, हुकला, थ्रो त्यांचा. नव्वद मिनिटं मी दखनीत, मराठीत, जसं येईल तसं बोलत होते. मध्यंतरात मागच्या ओळीतला एक पोरगा म्हणाला, ‘दीदी, रुकिए मत, हम भी आपको ही सुन रहे थे.’

जिंकलो नाही, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी रात्रीची होती. अब्बा म्हणाले, कूपरेज बघू. लोकलने चर्चगेटला उतरलो, हळूहळू चालत गेलो. फाटक बंद होतं. अब्बांनी जाळीला हात लावला, थोडं वळले आणि काठी उचलून एका दिशेला दाखवली. ‘वहाँ खड़े रहते थे हम लोग. उस कोने में.’

काठी मैदानाकडे नव्हती. तिकडे बाग होती, घसरगुंडीवर पोरं खेळत होती.

मी म्हटलं, ‘हौ अब्बा, दिसतंय.’